बीट शीट भरली, तरी कथा मध्यावर अडते: दोष कुठे शोधायचा आणि दुरुस्ती कशी करायची

बीट शीट म्हणजे कथेतले महत्त्वाचे टप्पे, म्हणजेच बीट, एकेका कार्डावर लिहून क्रमाने लावलेला आराखडा. ती भरल्यावरची तक्रार बहुतेक वेळा सारखीच असते. पंधरा कार्डं भरलेली आहेत. सुरुवात, पहिली कलाटणी, मध्यबिंदू, सर्वनाश, शेवट, सगळं भिंतीवर ओळीने लावलेलं आहे. पहिला पाव भाग झरझर लिहून होतो. मग चाळीस टक्क्यांच्या आसपास लिखाण रुततं. पात्रं एकमेकांना भेटतात, बोलतात, निघून जातात. प्रसंग वाईट नसतात, संवादही बरे उतरतात. पण पुढचं पान लिहायची ओढ लेखकालाच उरत नाही, तिथे वाचकाला कुठून असणार? अशा वेळी एखादं नवं पात्र आणलं जातं, नाहीतर कुणाला तरी अपघात होतो. दहा-बारा पानं धुगधुगी येते आणि पुन्हा तेच.

यावर सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे साचा बदलणं. पंधरा बीटचा सोडून बारा टप्प्यांचा घ्यायचा, तो नाही जमला तर तीन अंकांचा. पुढची कथाही नेमकी त्याच जागी अडते. कारण दोष साच्यात नव्हताच. कार्डावर जे लिहिलंय त्यात तो होता, आणि तो प्रत्येक नव्या साच्यात आपण जसाच्या तसा घेऊन जातो.

साचा बदलून का भागत नाही

साच्यांमध्ये वाटतो तेवढा फरक नाही. पटकथालेखन शिकवणारे अमेरिकन लेखक सिड फील्ड यांनी १९७९ साली पटकथेची जी तीन अंकी मांडणी लोकांसमोर ठेवली, तिच्यात १२० पानांची वाटणी ३०, ६०, ३० अशी आहे. पहिलं मोठं वळण २५ ते २७ या पानांवर येतं, दुसरं ८५ ते ९०च्या दरम्यान. मधली साठ पानं ही खरी अवघड जागा, आणि १९८४च्या पुस्तकात त्यांनी तिथे मध्यबिंदू जोडला. अमेरिकन पटकथाकार ब्लेक स्नायडर यांची २००५ची पंधरा बीटची यादी ११० पानांच्या पटकथेसाठी आहे: बाराव्या पानावर कथेला चालना देणारी ठिणगी, ५५व्या पानावर मध्यबिंदू, ७५व्या पानावर सगळं हातातून जाणं. आणि यांच्या कितीतरी आधी भरताच्या नाट्यशास्त्राने कार्याच्या पाच अवस्था मांडल्या होत्या: आरंभ, प्रयत्न, प्राप्त्याशा, नियताप्ती, फलागम. त्यांना समांतर पाच संधी, म्हणजे कथानकाचे भाग: मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श, निर्वहण.

हे सगळे आराखडे वळणं साधारण कुठे येतात ते सांगतात. तुमच्या कथेत ते वळण का येतं, हे त्यांच्यापैकी कुणीही सांगू शकत नाही. ते तुमच्या पात्राकडूनच यावं लागतं.

जाता जाता एक हिशेबाची गोष्ट, कारण ही चूक फार दिसते. वरचे पानांचे आकडे पटकथेचे आहेत, जिथे एक पान म्हणजे पडद्यावरचं सुमारे एक मिनिट. कादंबरी लिहिणाऱ्याने ते टक्क्यांत बदलून घ्यावेत. ३०० पानांच्या कादंबरीत बारावं पान म्हणजे तेहेतिसाव्याच्या आसपास, ५५वं म्हणजे दीडशेवं आणि ७५वं म्हणजे दोनशे पाचच्या जवळपास. तेही अंदाजानेच. पाच-दहा पानं इकडेतिकडे झाली म्हणून कुठलीही कथा अडत नाही.

पहिली तपासणी

सुरुवातीची तीन आणि शेवटची दोन कार्डं भिंतीवर तशीच राहू द्या. मधली सगळी काढा, पिसा आणि मिळेल त्या क्रमाने पुन्हा लावा. आता सलग वाचून पाहा. कथा अजूनही समजतेय? थोडी डागडुजी केली तर हाही क्रम चालून जाईल असं वाटतंय? मग दोष सापडला. ज्या प्रसंगांचा क्रम बदलला तरी काही मोडत नाही, ते एकमेकांतून निघालेले नाहीत, नुसते एकापुढे एक मांडलेले आहेत.

दुसरी पद्धत आणखी सोपी. दर दोन कार्डांच्या मध्ये एक जोडशब्द लिहा. 'म्हणून' किंवा 'पण' बसत असेल तर पुढे चला. 'आणि मग' याखेरीज काहीच बसत नसेल तर तिथे लाल खूण करा. लाल खुणा मधल्या भागात दाटीवाटीने येतात, हे बहुतेक शीटमध्ये दिसेल. ॲरिस्टॉटलने सुमारे २३०० वर्षांपूर्वी हेच सांगितलं आहे: एक घटना दुसरीमुळे घडणं आणि एक घटना दुसरीनंतर घडणं यांत मोठा फरक आहे. ज्या कथानकातले प्रसंग संभाव्यतेने किंवा अपरिहार्यतेने जोडलेले नाहीत, त्याला त्याने सगळ्यात खालचा दर्जा दिला.

या तपासणीत स्वतःला फसवणं मात्र सोपं आहे. 'ती खचली म्हणून ती एकटीच समुद्रावर गेली' यात 'म्हणून' आहे, पण तो पोकळ आहे. खचलेला माणूस झोपून राहील, भांडेल, जुन्या मित्राला फोन करेल, काहीही करेल. खऱ्या 'म्हणून'ची कसोटी अशी: या कार्डावर पात्राने दुसरं काहीतरी केलं असतं, तर पुढचं कार्ड घडलं असतं का? घडलं असतं, असं उत्तर आलं तर लाल खूण करा, शब्द कोणताही असो.

एक शीट उघडून पाहू

नुसत्या नियमांनी हे हाताला लागत नाही, म्हणून एक कथा घेते. रेवती हस्ताक्षरतज्ज्ञ आहे. तिच्याकडे एक मृत्युपत्र तपासायला येतं. सही खरी की बनावट, एवढंच तिला सांगायचंय. पहिल्या खेपेची बीट शीट अशी:

१. रेवतीचं रोजचं काम. तिची शिस्त, तिचा एकटेपणा, ज्यांनी तिला हे काम शिकवलं त्या सरांबद्दलचा आदर.
२. मृत्युपत्र येतं. सहीबद्दल शंका.
३. प्रकरण घ्यावं की नाही, तिची घालमेल. शेवटी घेते.
४. ती मृत माणसाच्या मोठ्या मुलाला भेटते. तो काहीतरी लपवतोय.
५. ती धाकट्या मुलाला भेटते. तोही काहीतरी लपवतोय.
६. ती सरांना भेटते. ते धीर देतात.
७. मध्यबिंदू: तिच्या कार्यालयात कुणीतरी घुसून सामान विस्कटतं.
८. धमकीचे फोन.
९. सर्वनाश: तिची आई अचानक आजारी पडते.
१०. तिला सरांच्या घरी एक जुनी वही सापडते. बनावट सही सरांनीच केलीय.
११. न्यायालयात ती सत्य सांगते.

वरवर पाहता यात सगळं आहे. नायिका आहे, रहस्य आहे, धोका आहे, शेवटी धक्काही आहे. ही शीट घेऊन लिहायला बसलेला लेखक चौथ्या कार्डाशी रेंगाळणार आणि सातव्याला थांबणार, हे मी खात्रीने सांगते. कार्डं चार, पाच, सहा कुठल्याही क्रमाने लावा, काही बिघडत नाही. सातवं बाहेरून येतं. ते रेवतीच्या जागी कुणीही असतं तरी घडलं असतं, आणि ते घडल्यावरही तिचा प्रश्न तोच राहतो: सही कुणाची? नववं कार्ड वाचकाला हळवं करेल, पण आईच्या आजारपणाचा मृत्युपत्राशी काही संबंध नाही. दहावं सगळ्यात वाईट. दोनशे पानं वाट पाहायला लावून उत्तर एका वहीत ठेवलेलं. ती वही पन्नासाव्या पानावर सापडली असती तर कथा तिथेच संपली असती. म्हणजे मधली दीडशे पानं फक्त वही न सापडण्याची आहेत.

नीट पाहिलं तर न्यायालयातला शेवट सोडून रेवती या शीटमध्ये एकदाच निर्णय घेते, तिसऱ्या कार्डावर. त्यानंतर सगळं तिच्या बाबतीत घडतं. मधला भाग का रुततो याचं माझं उत्तर हेच आहे: बीट म्हणजे घटना असं समजून कार्डं भरली जातात. बीटमध्ये पात्राने काहीतरी केलेलं असावं लागतं, आणि त्याने असं काही बदललेलं असावं लागतं की आता मागे फिरता येत नाही. पावसाने पूल वाहून गेला, ही घटना झाली. पूल वाहून जाणार हे ठाऊक असून तिने गाडी पलीकडे नेली, ही बीट.

कार्ड पुन्हा कसं लिहायचं

प्रत्येक कार्डावर तीन ओळी लिहा. पात्राला या घडीला नेमकं काय हवंय. ते मिळवायला ते काय करतं. त्यामुळे कोणतं दार कायमचं बंद होतं किंवा उघडतं. तिसरी ओळ लिहिता आली नाही तर ते कार्ड अजून तयार नाही, कितीही सुंदर प्रसंग डोळ्यांसमोर असला तरी.

रेवतीच्या कथेत दुरुस्ती सहाव्या कार्डापासून सुरू केली, कारण तिथे एक निर्णय लपलेला होता. ती सरांना भेटते, ठीक. पण कशासाठी? धीर घ्यायला जाण्याऐवजी तिला मत घ्यायला पाठवू. सहीत तिला एक दोष दिसलाय: शेवटच्या वेलांटीपाशी लेखणी उचलून पुन्हा टेकवल्याची बारीक खूण. रोज सही करणारा माणूस तिथे थांबत नाही, नक्कल करणारा थांबतो. पण मृत माणूस म्हातारा होता, हात थरथरत असेल, रेषा तुटली असेल. तिची खात्री होत नाहीये आणि अहवालाची तारीख जवळ आलीय. आता कार्ड असं होतं:

तिला खात्री हवीय. ती नियम मोडून मूळ कागद कार्यालयाबाहेर नेते आणि सरांना भिंगाखाली तो दोष दाखवते. कागद बाहेर गेल्याची नोंद कार्यालयाच्या नोंदवहीत राहते, आणि आपल्या सहीतली चूक नेमकी कुठे पकडली गेलीय, हे सरांना कळतं.

एवढ्या एका बदलानंतर पुढची कार्डं जवळजवळ आपोआप येऊ लागतात. सरांना दोष कळला, म्हणून काही दिवसांनी मृत्युपत्राची एक पुरवणी पुढे येते. तिच्यावरच्या सहीत ती वेलांटी एका झोकात काढलेली आहे. सगळ्यांना वाटतं शंका मिटली, म्हाताऱ्याचा हात कधी थरथरायचा, कधी नाही. पण रेवती भिंग खाली ठेवते आणि तिच्या लक्षात येतं की अहवाल अजून लिहिलेलाच नाही. त्या वेलांटीबद्दल जगात फक्त दोन माणसांना माहीत आहे. एक ती स्वतः.

हा मध्यबिंदू आहे. इथे कुणी घुसलं नाही, काही फुटलं नाही. एक बाई टेबलाशी बसलीय आणि समोर सही आहे. तरीही कथा पूर्ण वळली, कारण तिचा प्रश्नच बदलला. आतापर्यंत तो 'सही कुणी केली?' असा होता, आता तो 'मी हे सांगणार आहे का?' असा झाला. आणि हे सगळं तिच्याच आधीच्या कृतीतून आलं. तिने कागद नेला नसता तर पुरवणी आली नसती.

आता पुढचं. ती सरांना काही बोलत नाही, फक्त रोजचा फोन करणं थांबवते. पण त्या न आलेल्या फोनवरूनच सरांना समजतं की तिला समजलंय. म्हणून ती तोंड उघडण्याआधीच तिचा शब्द हलका करणं त्यांना भाग पडतं. तिने मूळ कागद बाहेर नेल्याची नोंद विरुद्ध बाजूच्या वकिलापर्यंत पोहोचते. तो कुणाला दाखवला, हे वकिलाला ठाऊक नाही. तज्ज्ञ म्हणून तिची साक्ष बाद व्हायच्या बेतात आहे. हा झाला सर्वनाश, आणि तो आईच्या आजारपणापेक्षा कितीतरी जास्त लागतो, कारण यात ओढवलेलं संकट तिचं स्वतःचं आहे. शेवट आता शोधावा लागत नाही. बनावट सही सिद्ध करायचा एकच मार्ग उरतो: कागद कुणाला दाखवला ते नाव घ्यायचं. त्यात सर बुडतात आणि तिची कारकीर्दही. गप्प राहिली तर फक्त खटला हरतो.

वही गेली, घुसखोर गेला, धमक्या गेल्या. दोन्ही मुलांच्या भेटी एकाच प्रसंगात आल्या. पात्रं कमी झाली आणि मधला भाग भरला. हे नेहमी असंच होतं. मध्यावर कथा पातळ वाटते तेव्हा हात नवं काही घालायला शिवशिवतो, पण बहुतेकदा आहे त्याचेच धागे ओढून बांधायचे राहिलेले असतात.

समोरच्याची शीट

वरच्या दुरुस्तीत आणखी एक गोष्ट गुपचूप घडली, तिच्याकडे मुद्दाम लक्ष वेधते. सर कामाला लागले. पहिल्या शीटमध्ये त्यांना शेवटपर्यंत काहीच करायचं नव्हतं, फक्त पकडलं जायचं होतं. मध्य रुतण्याचं हे दुसरं मोठं कारण आहे आणि ते सहज नजरेआड होतं, कारण रहस्य जपण्याच्या नादात आपण विरोधी पात्राला झाकून ठेवतो. वाचकापासून झाका, हरकत नाही. स्वतःपासून झाकू नका.

विरोधी पात्राची वेगळी शीट करा, पाच-सहा कार्डांची पुरे. त्याच्या बाजूने तोच नायक आहे. सरांची शीट लिहायला बसलं की विचारावं लागतं: त्यांनी सही का केली? प्रकरण रेवतीकडे गेल्याचं कळल्यावर त्यांना काय वाटलं? आपण शिकवलेल्या डोळ्यासमोर आपलीच नक्कल जाणार, हे कळल्यावर त्यांनी पहिल्यांदा काय केलं? मला वाटतं, काहीच केलं नाही. ते थांबले. मग ती स्वतःच कागद घेऊन दारात उभी राहिली. हे कार्ड त्यांच्या शीटवर लिहिल्यावर भेटीचा तो प्रसंग किती वेगळा होतो पाहा. ती मत विचारतेय आणि ते भिंगातून स्वतःचीच चूक पाहताहेत. वाचकाला तेव्हा काही सांगायची गरज नाही. सरांनी भिंग जरा जास्त वेळ धरून ठेवलं, एवढं पुरतं.

दोन्ही शीट शेजारी लावा. रेवतीच्या कार्डाला उत्तर म्हणून सरांचं कार्ड आणि त्याला उत्तर म्हणून तिचं, असा क्रम दिसायला हवा. एका बाजूची सलग तीन-चार कार्डं दुसऱ्या बाजूच्या हालचालीशिवाय येत असतील, तर लिखाण नेमकं तिथे मंदावतं.

विरोधी पात्र माणूसच असायला हवं असं नाही. आजार, व्यवस्था, हवामान, स्वतःचाच स्वभाव, काहीही चालेल. पण त्याच्या दबावालाही पायऱ्या हव्यात. आधी हे मागतो, नंतर त्याहून मोठं मागतो.

मधला भाग म्हणजे अडथळ्यांची रांग नव्हे

इथे नाट्यशास्त्राची परंपरा आजच्या साच्यांपेक्षा जास्त उपयोगी पडते असं माझं ठाम मत आहे. गर्भसंधीचं वर्णन असं आहे की आरंभी पेरलेलं बीज इथे दिसतं, नाहीसं होतं आणि पुन्हा पुन्हा शोधलं जातं. मधल्या भागाची इतकी नेमकी कृती दुसरीकडे क्वचित सापडते. आपण मध्य लिहिताना अडथळे मोजतो: पहिला पार केला, दुसरा पार केला. त्याने थकवा येतो, ताण येत नाही. ताण येतो तो हातात आलेलं निसटण्याने.

रेवतीची नवी शीट या नजरेने वाचली तर ती तशीच आहे. वेलांटीचा पुरावा मिळाला. पुरवणीने तो निरर्थक ठरवला. पुरवणीमुळेच त्याहून मोठा पुरावा मिळाला. नोंद बाहेर आल्याने तोही तिच्या तोंडून कुणी ऐकणार नाही अशी वेळ आली. प्रत्येक खेपेला मिळणं आधीपेक्षा मोठं आणि जाणंही मोठं. तुमच्या मधल्या कार्डांवर बारीक अक्षरात 'मिळालं' किंवा 'गेलं' लिहून पाहा. सलग चार कार्डांवर 'गेलं' असेल तर नायक फक्त मार खातोय. सलग चारवर 'मिळालं' असेल तर त्याला कुणी अडवतच नाहीये. आणि एकही शब्द लिहिता येत नसेल, तर ते कार्ड कशासाठी आहे ते स्वतःला विचारा.

तिथलीच दुसरी कल्पना बिंदूची. अवांतर गोष्टींमुळे मुख्य सूत्र तुटल्यासारखं होतं, तेव्हा ते पुन्हा जोडणारा तो बिंदू. उपकथानकात रमणाऱ्या लेखकांना याची फार गरज असते. उपकथानकाची दोन कार्डं झाली की तिसऱ्यावर मुख्य प्रश्न परत यावा, आणि तो बदललेल्या रूपात यावा. तोच प्रश्न त्याच शब्दांत परत आला तर वाचकाला आठवण करून दिल्यासारखं होतं, ओढ लागत नाही. पताका आणि प्रकरी हा भेदही इथे कामाचा आहे. दूरवर सोबत चालणारं उपकथानक ती पताका, थोडक्यात येऊन जाणारी ती प्रकरी. प्रकरीएवढा जीव असलेल्या गोष्टीला पताकेएवढी पानं दिली की मध्य फुगतो. आणि पताकेचा शेवट मुख्य कथेवर आदळत नसेल तर ती वेगळी कथा आहे, वेगळी लिहा.

बाकीची किरकोळ कारणं

कधीकधी शेवट ठरलेलाच नसतो आणि सगळा भार मध्यावर येतो. शेवटचा निर्णय आधी ठरवा आणि तिथून उलटं या: हा निर्णय अवघड व्हायला आधी काय गमावलेलं असलं पाहिजे? ते गमवायला त्याआधी काय मिळालेलं असलं पाहिजे? दोन-तीन पावलं मागे आलात की मध्यबिंदू दिसू लागतो.

कधी कार्डं साठ-सत्तर होतात, कारण संवादातले बारीक चढउतारही शीटवर आलेले असतात. प्रसंगाच्या आतली क्रिया-प्रतिक्रियाही बीटच, पण तिची जागा प्रसंग लिहिताना. आराखड्यात फक्त तीच कार्डं ठेवा ज्यांच्यानंतर कथेची दिशा बदलते.

पाच-सात पानांच्या कथेला पंधरा बीट लावू नका. एक इच्छा, एक निर्णय, त्याची किंमत, एवढ्यावर ती उभी राहते.

आणि काही कथांना ही दुरुस्ती लागूच पडत नाही. एखाद्या माणसाचं वर्ष, एखाद्या घराचं मोडणं, नुसतं जगणं टिपणारं लिखाण सुट्या प्रसंगांचंच असतं आणि तसंच चांगलं असतं. तिथे 'म्हणून' शोधू नका. प्रत्येक प्रसंगानंतर वाचकाची त्या माणसाबद्दलची समज बदलते का, एवढं तपासा. असं लिखाण अडत असेल तर दोन प्रसंग एकच गोष्ट सांगत असतात. त्यातला एक काढा.

कार्डं बरोबर आहेत, मसुदा मात्र अडलाय

हेही होतं. शीट तपासली, सगळे जोड घट्ट आहेत, तरी पानं चालत नाहीत. मग शीट बाजूला ठेवा आणि लिहून झालेल्या मसुद्यावरून नवी शीट करा. जे लिहायचं ठरलं होतं ते नको, जे कागदावर उतरलंय तेवढंच. प्रत्येक प्रसंगासाठी एक ओळ: पात्राने काय केलं. लेखक इथे चकित होतात. कार्डावर 'ती नियम मोडून कागद सरांकडे नेते' असतं आणि मसुद्यात ती सरांकडे पोहोचते, गप्पा होतात, कागद पिशवीत असल्याचा उल्लेख येतो आणि प्रकरण संपतं. निर्णयाचा क्षणच पानावर नाही. तो दोन प्रकरणांच्या मधल्या कोऱ्या जागेत घडून गेलाय. लिहायला अवघड क्षण असेच निसटतात, आणि नेमके तेच वाचकाला पाहायचे असतात. कार्यालयाच्या नोंदवहीत नोंद करताना तिचा हात, परतीची वेळ कोरी सोडणं, शिपायाने काही विचारलं का, तिने काय उत्तर दिलं. हे अर्धं पान आलं की सरांच्या घरातली तीच गप्पांची पानं ताणाने भरून जातात, एक ओळ न बदलता.

अर्धा लिहिलेला मसुदा हातात असेल तर

पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात करू नका. तसं केल्याने फक्त पहिली पन्नास पानं दर खेपेला गुळगुळीत होतात आणि अडण्याची जागा तिथेच राहते. अडलेल्या पानापासून मागे मागे या. पात्राने स्वतः घेतलेला, परत न फिरवता येणारा शेवटचा निर्णय कुठे आहे तो शोधा. खरा बिघाड त्या निर्णयानंतर लगेचच सुरू झालेला असतो. तुम्ही थांबलात ती जागा त्याच्या खूप पुढची असते, कारण सवयीच्या जोरावर बरीच पानं ओढली जातात. रेवतीच्या पहिल्या मसुद्यात लेखणी सातव्या कार्डाला थांबली असती, पण परत जायला हवं ते तिसऱ्याला.

त्या निर्णयाच्या पुढची सगळी पानं वेगळ्या फाइलमध्ये हलवा. पुसू नका. मग फक्त पुढचं एक कार्ड लिहा, तीन ओळींचं, आणि त्याला समोरच्या बाजूचं उत्तर. ती दोन पक्की झाल्यावर त्यापुढचं. चार-पाच कार्डं अशी जमली की बाजूला काढलेल्या पानांकडे वळा. त्यातला एखादा संवाद, एखादं वर्णन नव्या कार्डाला हवंच असेल तर तेवढंच उचला. प्रसंग आवडता आहे म्हणून त्याच्यासाठी कार्ड तयार करायला गेलात, तर आधीचीच शीट परत भिंतीवर येईल.